लोणच्याच्या बरणीचं झाकण

“मॅम, मेरा साइन्सवाला दिमाग़ है ही नहीं. मैं मम्मी पे गई हूँ,” क्षिप्रा म्हणाली, आणि टेबलापलीकडच्या बाई हसल्या, क्षिप्रा हसली, आणि चार माणसांत हसायचं असतं म्हणून हेमलताही हसली. हसून झाल्यावर मग ते वाक्य तिला लागलं. ठेच लागल्यावर दोन पावलं पुढे गेलं की अंगठा ठणकायला लागतो, तसं. अकरावीला कोणते विषय घ्यायचे ते ठरवण्यासाठी शाळेनं पालकांना बोलावलं होतं, नवऱ्याची, उल्हासची, मंत्रालयात मीटिंग होती, म्हणून हेमलता अर्धी रजा टाकून आली होती. बाईंनी क्षिप्राचे दहावीचे मार्क पुन्हा एकदा पाहिले. “नंबर तो अच्छे हैं साइन्स में,” त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी हेमलताकडे पाहिलं. “आप क्या करती हैं, मॅम?” हेमलताच्या तोंडून निघालं, “जी, गव्हर्नमेंट सर्विस में हूँ.” त्यात खोटं काहीच नव्हतं. चपराशीही हेच म्हणाला असता. बाईंनी मान हलवली आणि सांगितलं, की आज पाचच्या आत शाळेच्या ॲपवर विषय भरून टाका, नंतर बदलता येणार नाही. क्षिप्रानं आईचा हात धरून तिला उठवलंच. तिचं ठरलेलं होतं, तिला फक्त आईच्या फोनवर येणारा ओटीपी हवा होता.

रिक्षा आयएनए मार्केटपाशी आली तरी हेमलताच्या डोक्यात तेच वाक्य होतं. एप्रिलमध्येच दिल्लीचा वारा भाजायला लागला होता आणि क्षिप्रानं ओढणी तोंडावर घेऊन मैत्रिणीशी फोनवर बोलणं चालू केलं होतं. मी गव्हर्नमेंट सर्विसमध्ये आहे, हेमलतानं मनात पुन्हा म्हणून पाहिलं. शहराच्या पलीकडच्या टोकाला एका सरकारी प्रयोगशाळेत ती पंचवीसेक वर्षं थर्मामीटर तपासत आली होती. हॉस्पिटलांचे, कारखान्यांचे, हवामानवाल्यांचे. काचेच्या एका बंद नळीत बर्फ, पाणी आणि वाफ ही तिघं कुणीही कुणाला न हटवता एकत्र नांदतात, असा एकच एक अंश असतो, शून्याच्या केसभर वर. ती नळी तयार करून ठेवायची, हात लावायचा नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघायची. आकडा स्थिर झाला की हेमलताला इतकं बरं वाटे, की देवळातही तिला तसं कधी वाटलं नव्हतं. हे तिनं घरात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. घरात ती ऑफिसला जायची आणि ऑफिसातून यायची, आणि येताना भाजी आणायची. आता तिला वाटलं, इतकी वर्षं आपण काय लपवत होतो, आणि का. एखादीनं माहेरची निंदा ऐकायला लागू नये म्हणून माहेरचं नावच काढू नये, तसं काहीतरी होतं ते. पण निंदा करणारं तरी घरात कोण होतं?

लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरचं दार उघडलं तेव्हा आतली हवा तव्यावरून उठल्यासारखी अंगावर आली. क्षिप्रानं खिडकीतला कूलर लावला. पंखा घरघरला, पण पाणी चढेना, नुसतं गरम वारं आणि गवताच्या जाळ्यांचा कुबट वास. “आई, कूलर इज डेड,” क्षिप्रा ओरडली, आणि हेमलता स्वयंपाकघरातून म्हणाली, “बाबा आले की बघतील.” म्हणाली आणि पाण्याचा ग्लास हातात धरून तशीच उभी राहिली. हे वाक्य तिनं म्हटलं नव्हतं, ते घरातच होतं, जाता-येता कुणाच्याही तोंडातून निघण्यासाठी तयार. फ्यूज उडाला, मिक्सर अडला, गणित अडलं, की बाबा आले की बघतील. उल्हास इतिहासात बीए झालेला माणूस. फ्यूज उडाला की तो खाली जाऊन इलेक्ट्रिशियनला बोलावून आणायचा आणि त्याच्यामागे कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, आणि दिवे आले की मुलं टाळ्या वाजवायची. गणित अडलं की तो शांतपणे पुस्तक उघडून, आधीचं उदाहरण बघून, जिभेचं टोक बाहेर काढून सोडवायचा. पलीकडे पोळ्या लाटताना हेमलताला उत्तर दुसऱ्या ओळीतच दिसलेलं असायचं. पण ती पोळी लाटत राहायची. नवऱ्याचं मन मोडू नये, असंही एक कारण होतं, पण ते वरवरचं. खरं कारण तिच्या जवळ येऊन बसायला लागलं, तशी ती तिथून निघून बाहेरच्या खोलीत आली.

आमच्या चिन्मयचं डोकं मशिनात आणि क्षिप्राचं माणसांत. हे वाक्य मात्र हेमलताचं होतं, खास तिचं. पाहुण्यांपुढे पोहे ठेवताना ती ते म्हणायची आणि पाहुणे वा वा करायचे, दोन्ही मुलांची सोय एका दमात लावल्यासारखं वाटायचं. किती लहान होती क्षिप्रा, पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा? कौतुकच होतं ते. कौतुकानं कधी कुणाचं वाईट झालंय? तिच्या वडिलांनी सांगलीला तिला म्हटलं होतं, एमएस्सी झालीस, फिजिक्सची हौस फिटली, पुष्कळ झालं. ते तिला डाचलं होतं आणि त्या डाचण्याच्या जोरावर ती एकटी दिल्लीला आली होती. आपण आपल्या मुलीला डाचेल असं काही बोलायचं नाही, हे तिनं पक्कं ठरवलं होतं. आणि ती बोललीही नाही. ती फक्त थकून घरी आली. चिन्मय तान्हा असताना प्रयोगशाळेच्या सामानाच्या खोलीत दार लावून बेसिनमध्ये दूध पिळून टाकलं होतं तिनं, ते सुटलेलं पीएचडीचं काम, बाहेरून कुणी आलं की तिलाच विचारायचे, “मॅडम, साइंटिस्ट साहब कहाँ बैठते हैं?”, आणि परदेशी पाहुणे आले की, “हेमलताजी, फूल-वूल ज़रा आप देख लीजिए.” रागानं नाही, मायेनंच तिनं ठरवून टाकलं, की ह्या वाटेला माझी लेक नको. मुलाचं काय, मुलगा निभावून नेतो, त्याला कुणी फुलं आणायला सांगत नाही. असं तिला वाटायचं. वाटायचं म्हणजे काय, ती ह्यावरच चालत होती, पायाखालच्या फरशीवर चालावं तशी.

आणि मग विहीर आठवली. आठवली असंही म्हणता येणार नाही, कारण ती कधी विसरलीच नव्हती, फक्त तिच्याकडे पाठ करून बसली होती. क्षिप्रा नऊ वर्षांची, चिन्मय दहावीत. कॉलनीच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांची देखाव्यांची स्पर्धा असायची, घरी करून आणायचा, हॉलमध्ये मांडायचा. त्या वर्षी मुलांनी गावची विहीर करायची ठरवली. गाव दोघांनी सुट्टीत दहा दिवस पाहिलेलं. थर्मोकोल चिन्मयनं कापला, दगड त्यानं रंगवले, आणि काय रंगवले! आतल्या भिंतीवर ओलीची पट्टी, त्यावर शेवाळ, खाली काळ्याशार पाण्यात उगवत्या सूर्याचा एक तुकडा. दोन दिवस तो जेवायला उठत नव्हता. हेमलतानं त्याला दोनदा म्हटलं, “अरे, कालू सरायचा क्लास बुडतोय तुझा.” त्याला आयआयटीच्या क्लासला घातलेलं होतं. पण विहिरीतली बादली वरखाली व्हायला हवी होती, आणि तिथं घोडं अडलं. खेळण्यातल्या मोडक्या गाडीची मोटर लावली तर बादली झर्रकन वर जाऊन काठावर आपटायची आणि दोरा तुटायचा. वर गेलेली बादली खाली आणायला मोटर उलटी फिरवायला हवी, आणि ती कशी फिरवणार? उल्हासनं जिभेचं टोक बाहेर काढून पाहिलं आणि तो आत निघून गेला. चिन्मयनं मोटर भिंतीवर फेकली. ती उचलली क्षिप्रानं. हेमलता तेव्हा ओट्यापाशी होती, दारातून तिला दिसत होतं. पोरगी जमिनीवर पालथी पडून कितीतरी वेळ नुसती बघत होती. मग ती आली आणि म्हणाली, “आई, लोणच्याच्या बरणीचं झाकण दे.” मोटरीचा बारीक दांडा आणि ते मोठं झाकण ह्यांच्यावरून तिनं रबरबँड चढवला, की मोटर जोरात आणि झाकण सावकाश. आणि दोरा तिनं झाकणाच्या मध्यावर नाही, कडेला बांधला. झाकण एकाच दिशेनं फिरत राहिलं आणि बादली वर आली, खाली गेली, वर आली. क्षिप्रानं श्वास धरून ठेवला होता. हेमलतानं तो धरलेला श्वास ओळखला. नळीपुढे बसल्यावर तिचा स्वतःचा असाच असायचा. आणि त्या क्षणी आनंदाआधी तिला भीती वाटली, हे खरं होतं.

हॉलमध्ये विहिरीपुढे गर्दी झाली. मंडळाचे अध्यक्ष हरिदासकाका खाली वाकून झाकणाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “वा! हे डोकं कुणाचं?” क्षिप्रा पुढे झाली, नवा परकर सावरत, तोंड उघडून. आणि हेमलताला चिन्मय दिसला. मिसरूड फुटायला लागलेला, क्लासच्या चाचणीत खालून दुसरा-तिसरा, चार मित्र बाजूला उभे, आणि धाकट्या बहिणीपुढे उतरत चाललेला त्याचा चेहरा. उल्हासनं आठवड्याआधीच सगळ्यांना सांगितलं होतं, की आमचा चिन्मय इंजिनियर होणार. “चिन्मयनं केलंय,” हेमलता म्हणाली. “हिनं रंगवलंय.” इतकं सोपं होतं ते. एकाची लाज वाचली आणि दुसरी काय, लहान होती, तिला काय कळतंय. क्षिप्रानं आईकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिनं पाहिलं ते, आपण काही चुकीचं समजून बसलो होतो का, असं. बक्षीस म्हणून चिन्मयला सोल्डरिंगची पेटी मिळाली आणि क्षिप्राला रंगांचा मोठा डबा. पेटी एकदा उघडली गेली, त्याचं बोट भाजलं, मग ती माळ्यावर गेली. डबा क्षिप्रानं संपवला. दुसरा आणला. सगळे म्हणायला लागले, हिचा हात किती छान आहे. आता चिन्मय मानेसरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात ट्रेनी होता, चार वर्षांचं इंजिनियरिंग रखडत पार पाडून. रविवारी यायचा आणि झोपायचा. जेवताना बोटानं आमटीचा थेंब ताटात पसरवत तो काहीबाही रेघोट्या काढायचा, आणि उल्हास म्हणायचा, अन्नाशी खेळू नये.

“आई, फोन दे ना,” क्षिप्रा समोर उभी होती. “विषय भरायचेत. ह्यूमॅनिटीज टाकतेय मी. बिल्कुल फायनल.”

“बस जरा,” हेमलता म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “तुला सायन्स आवडत नाही?”

“आवडतं यार, पण आवडणं अलग आहे. मार्क पाठ करून येतात. दादासारखं डोकं नाही ना माझं. मी पीपल पर्सन आहे. तूच म्हणतेस.”

“दादासारखं म्हणजे?”

“म्हणजे त्याला दिसतं ना, मशीन कशी चालते ते. ती गणपतीची वेल नव्हती का, विहीर? केवढा होता तो तेव्हा.”

हेमलतानं मांडीवरचे हात एकमेकांत अडकवले. “क्षिप्रा, ती विहीर तू केली होतीस.”

क्षिप्रा खळखळून हसली. “आई, काहीही! मी पेंट केली होती.”

“नाही. पेंट दादानं केली होती. झाकण तू लावलंस. तू माझ्याकडे मागायला आलीस, लोणच्याच्या बरणीचं. दोरा तू कडेला बांधलास.”

“चलो, आता तू मला सायन्सला घालायला स्टोरी बनवतेयस,” क्षिप्रा म्हणाली. ती चिडली नव्हती, आईची कीव आल्यासारखं बोलत होती. “मला सगळं आठवतं. आत ते ग्रीन ग्रीन असतं ना भिंतीवर, काय म्हणतात त्याला?”

“शेवाळ.”

“हां, ते. तो ग्रीन मी मिक्स केला होता. त्यात थोडा ब्राऊन टाकायचा असतो, नाहीतर प्लास्टिकसारखा दिसतो. आणि पाण्यात मी सूर्याचा एक पीस काढला होता. हाताला तो वास किती दिवस येत होता मला.”

हेमलता तिच्याकडे बघत राहिली. पोरगी खोटं बोलत नव्हती. तिला खरोखरच तो हिरवा रंग दिसत होता, तो वास येत होता. भावाचे दोन दिवस तिनं घेतले होते आणि स्वतःचे कुठे टाकून दिले होते, कुणास ठाऊक. हेमलताला वाटलं होतं, की सत्य कुठेतरी तसंच असतं, बंद नळीत ठेवल्यासारखं, कधीही काढून दाखवता येईल. तिला रडू आलं नाही. तिला भयंकर भीती वाटली. ह्या घरात त्या झाकणाला आता तिच्याशिवाय साक्षीदार नव्हता, आणि तिच्या शब्दाला किंमत नव्हती, कारण ती कोण, तर गव्हर्नमेंट सर्विसमधली बाई, जिला कूलर बघता येत नाही. मग तिला चिन्मय आठवला. तो पंधरा वर्षांचा होता, तो विसरणं शक्य नव्हतं. “थांब,” ती म्हणाली, “दादाला विचारते,” आणि फोन घेऊन गॅलरीत गेली. दार तिनं मागे लोटून घेतलं.

फोन उचलला तेव्हा पलीकडे कसली तरी धातूची आदळआपट चालू होती. “आई, लंच संपतोय. लवकर बोल,” चिन्मय म्हणाला.

“चिन्मय, गणपतीतली विहीर आठवते तुला? क्षिप्राला सांग ना, बादली कुणी चालवली ते. तिला वाटतं तू. आज पाचच्या आत विषय भरायचेत तिला, ती सायन्स सोडतेय. माझं ऐकत नाही रे. तू सांगितलंस तर ऐकेल.”

चिन्मय चालत कुठेतरी बाजूला गेला असावा. आवाज कमी झाले.

“आई,” तो म्हणाला, “आज सकाळी सुपरवायझरनं सगळ्यांसमोर सुनावलं मला. तुझ्यासारख्यांनी डिग्री घेतलीच कशाला, म्हणून. मग मी बसून काय आठवतो, माहितीये? ती विहीर. की मी एकदा तरी काहीतरी चालवून दाखवलं होतं. हरिदासकाका वाकून बघत होते.”

“अरे, पण—”

“माहितीये मला. मी नव्हतं केलं, माहितीये. पण तू म्हणालीस ना तसं, सगळ्यांसमोर. मी त्याच्यावरच तर इथपर्यंत आलो. आता तू ते परत घेणार?” त्याचा आवाज एकदम बारीक झाला, मिसरूड फुटायच्या आधीचा. “तिला हजार गोष्टी येतात, आई. माझ्याकडे तेवढं एक राहू दे ना.”

घंटेसारखं काहीतरी वाजलं आणि त्यानं फोन ठेवला. हेमलता कठड्याला धरून उभी राहिली. लोखंड तापलं होतं, हाताला चटका बसत होता, पण तिनं हात काढला नाही. खाली गुलमोहराच्या सावलीत एक गार्ड खुर्चीवर झोपला होता. तेव्हाही असंच होतं, एक उतरलेला चेहरा आणि एक उघडलेलं तोंड, आणि मध्ये ती. तेव्हा तिला वाटलं होतं, की एक वाक्य बोलून टाकलं की संपलं. ते वाक्य सात वर्षं चालूच होतं, एकाच दिशेनं फिरत, आणि त्याला बांधलेली दोन्ही पोरं वरखाली होत होती. आताही एकच वाक्य बोलायचं होतं. क्षिप्राला सांगायचं, दादा कबूल झाला. मग क्षिप्रा त्याला लगेच फोन करील, हसत हसत करील, आणि तो तिथं त्या आवाजात उभा असेल. हेमलतानं दोन्ही मुलांवर सारखंच प्रेम केलं होतं, असं ती कुणालाही शपथेवर सांगू शकली असती. दार उघडून ती आत आली तेव्हा काय बोलायचं ते तिचं ठरलेलं नव्हतं.

खोलीत गार होतं. कूलरमधून पाण्याची संततधार जाळ्यांवर पडत होती आणि ओल्या गवताचा वास घरभर झाला होता. क्षिप्रा कूलरच्या बाजूला उकिडवी बसली होती. मागची जाळी काढून भिंतीला टेकवलेली होती, आणि तिच्या डाव्या हाताच्या बोटांना काहीतरी हिरवं, बुळबुळीत लागलं होतं.

“काय केलंस?” हेमलतानं विचारलं.

“मी? काही नाही,” क्षिप्रा म्हणाली. “प्लग काढला, पंपाच्या तोंडात हे अडकलं होतं, ते काढलं. मग आपोआप चालू झाला.” तिनं बोटं कुर्त्याला पुसली. “दादा काय म्हणाला?”

हेमलतानं तिच्या बोटांकडे पाहिलं. मग तिला चिन्मयचा तो बारीक आवाज ऐकू आला, आणि आपलं तोंड उघडतंय हे कळलं.

“त्यानंच केली होती,” ती म्हणाली. “माझीच काहीतरी गल्लत झाली.”

“बघ! मी म्हटलं होतं ना,” क्षिप्रा म्हणाली. तिला जिंकल्याचा आनंद झाला होता, आणि थोडं, अगदी थोडं, दुसरंही काही तिच्या चेहऱ्यावरून गेलं. हरिदासकाकांपुढे गेलं होतं तेच. मग तिनं सोफ्यावर मांडी घातली, स्वतःचा फोन उघडला आणि अंगठ्यानं भराभर काही खाली सरकवलं. बाहेर कुणीतरी भंगारवाल्याला हाक मारत होतं. कूलरचं पाणी एका लयीत पडत होतं.

“आई, तुझ्या फोनवर ओटीपी आला असेल. वाच ना.”

हेमलतानं चष्मा लावला. आकडे स्वच्छ दिसत होते. तिनं ते एकेक करून, सावकाश, एकही न चुकता वाचून दाखवले.